धोट्याचा एकुलता कार्यक्रम

“काल ‘धूर’ म्हणत होतास, आज ‘वाफ’ म्हणालास,” अक्काताई मावशी तौफिकला म्हणाली. “काय ते ठरवा की एकदा.”

ती शेडच्या दारात बसली होती, मांडीवर सूप, सुपात तांदूळ. आम्ही तिघं आत. गाणं नुकतंच थांबलं होतं आणि अभिनंदनच्या गिटारची शिटी अजून पत्र्याखाली घुमत होती. तौफिकनं माइक खाली केला आणि माझ्याकडे बघितलं.

गाणी मी लिहायचो, गायचा तो. पण तो गायचा ते हेवी मेटलवाले गातात तसं, घशाच्या तळातून, जात्यात खडे घातल्यासारखं. त्या आवाजात शब्द कुणालाच कळत नसत. अभिनंदन आमच्याबरोबर पाच महिने वाजवत होता, त्यालाही कळत नसत. त्याची समजूत अशी की गाण्यात शब्द नाहीतच, नुसती ओरड आहे आणि मी उगाच वहीत काहीतरी खरडतो.

आणि शब्द खरोखरच बदललेला होता. ‘धूर’ मला फार सोपा वाटला, म्हणून त्याच दिवशी सकाळी मी ‘वाफ’ केलं होतं.

मी विचारलं, तुला ऐकू आलं का मावशी.

“ऐकू कशाला यायला पायजे?” तिनं एक खडा वेचून बाहेर फेकला. “दिसतंय की.”

*

दिसतंय म्हणजे काय ते तिनं आम्हाला त्या दुपारी सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. बाराव्या वर्षी ती मागासाठी सुताच्या कांड्या भरायला लागली. लग्न झाल्यावर नवरा कामाला होता त्या कारखान्यात माग चालवायला लागली. चाळीस माग एका छपराखाली चालू असले की शेजारच्या बाईनं बोंब मारली तरी ऐकू येत नाही. म्हणून मागावरच्या बाया तोंडाकडे बघून बोलतात. मागांच्या या रांगेतली बाई पलीकडच्या रांगेतल्या बाईला ओठांवर सांगते, तिसरी मधूनच हसते. या शहरात अशी लग्नं ठरलेली आहेत आणि मोडलेलीही. पस्तीस वर्षांत तिचे कान निम्मे गेले होते, पण वीस पावलांवरचं तोंड ती पुस्तकासारखं वाचायची.

म्हणून आमच्या आवाजाचा त्रास गल्लीत सगळ्यांना व्हायचा, तिला नाही. तिच्या लेखी आम्ही म्हणजे चार घरं सोडून चाललेला एखादा माग.

अभिनंदन म्हणाला, म्हणजे जगात आपले शब्द कळणारा माणूस एकच आहे, आणि तो तांदूळ निवडतोय.

*

बँडचा इतिहास, जेवढा आहे तेवढा:

नाव, धोटा. मागावर उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावते ती लाकडी होडी. दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या. सुटला तर समोरच्याचा डोळा घेतो. नाव प्रल्हादनं ठेवलं, म्हणाला, आपलं संगीत असंच सुटलं पाहिजे.
स्थापना, दिवाळी २०००, इचलकरंजी.
ड्रम, प्रल्हाद तांबवे, अक्काताई मावशीचा मुलगा.
गिटार, अभिनंदन मगदूम. घरात कांदाही शिजत नसे आणि गाण्यात कवट्या पाहिजेत म्हणून माझ्या मागे लागायचा.
आवाज, तौफिक मोमीन. दिवसा दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा.
बास गिटार आणि शब्द, मी, विद्याधर. हे सगळे मला इद्या म्हणत. माझे वडील बँकेत कारकून. मागाशी माझा संबंध नाही, हे इथंच लिहून ठेवतो.
जागा, प्रल्हादच्या वडिलांची शेड. ते वारल्यावर चारांतले तीन माग विकले गेले. चौथा मोडका होता, तो न्यायला कुणी आलं नाही. त्याच्यावर अभिनंदनचा अँप, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारा खोका.
गाणी सहा.
कार्यक्रम एक.
शेवट, जून २००१.

यात एक नोंद राहिली. नऊ फेब्रुवारीला प्रल्हाद ड्रमचं फाटलेलं कातडं बदलून आणतो म्हणून सकाळच्या एसटीनं मिरजेला गेला आणि

*

आला नाही.

मिरजेच्या दुकानदारानं सांगितलं, असा कुणी आलाच नाही. पोलिसांनी फोटो ठेवून घेतला. तौफिक आणि मी कोल्हापूर, सांगली, निपाणी, बेळगाव अशी स्टँडं पालथी घातली. महिनाभरानं आम्ही बघणं थांबवलं. मावशीनं थांबवलं नाही. ती गल्लीच्या बाहेर जाईना. देवळात नाही, बाजारात नाही. भाजी शेजारणीनं आणायची. सख्ख्या बहिणीच्या घरच्या लग्नाला गेली नाही, कारण तेवढ्यात तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर.

तिचा भाऊ मल्लाप्पा चिकोडीला असायचा. बरी शेती, मोठं घर, माणूस चांगला. तो दोनदा येऊन गेला. आता इथं काय आहे तुझं, चल म्हणाला. शेड गळत होती, मावशीचे गुडघे दुखत होते, शेजारपाजारचे तिच्याकडे बघून आवाज खाली करायचे. ती भावाला म्हणाली ते मी स्वतः ऐकलं:

“येणार न्हाई असं कुणीतरी मला एकदा नक्की सांगावं. मग त्याच दिवशी टेंपो आण. तोवर न्हाई.”

मल्लाप्पामामा म्हणाला, असं नक्की सांगणारा कोण असतो अक्का. ती म्हणाली, असंल कोणतरी.

बँड बंद करायचं आमच्या मनात होतं. ड्रमशिवाय कसला बँड. पण मावशीनंच आम्हाला बोलावून घेतलं. म्हणाली, वाजवा. आवाज थांबला तर त्याला वाटंल घर मोडलं. मग अभिनंदननं भाच्याचा छोटा कीबोर्ड आणला. त्यात तयार ठेके असतात, बटण दाबलं की सुरू. लग्नातल्या नाचाचा एक ठेका दुप्पट वेगानं लावला की आमच्या गाण्याला जेमतेम पुरायचा. कवट्या, वादळ, वाफ, आणि मागे टिकटिक टाकटिक. तौफिक म्हणायचा, मर्दा, ही मेलेल्याची वरात झाली.

*

एप्रिलात, दुपारी तीनच्या सुमाराला, घरचा फोन वाजला.

आई पलीकडच्या खोलीत तीन उशांना टेकून बसलेली. तिच्या हृदयाची झडप बिघडली होती, मिरजेला ऑपरेशन ठरलं होतं, जूनमध्ये. आडवी झाली की तिला श्वास पुरायचा नाही. फोन वाजला की तिला दचकायला व्हायचं, म्हणून मी धावत जाऊन उचलायचो.

“इद्या,” तो म्हणाला. “कोण हाय शेजारी?”

मी म्हणालो कुणी नाही. मग मी बरंच काही बोललो. शिव्या दिल्या, कुठे आहेस विचारलं, तुझी आई उंबरा सोडत नाही असं सांगितलं.  त्याच्या मागे गाड्यांचा आवाज होता, आणि कुठलीशी भाषा, कन्नड नव्हे, गुजराती नव्हे.

“मी बरा हाय,” तो म्हणाला. “हितं माझं नाव कुणाला ठावं न्हाई. मला ते बरं वाटतंय. मी परत येणार न्हाई, इद्या. आत्ता न्हाई असं न्हवं. कधीच न्हाई. तिला म्हणावं वाट बघू नको.”

मी म्हणालो, तूच सांग.

“तिचा आवाज ऐकला तर यायला लागंल.” मग लगेच म्हणाला, “न्हाई, तू पण सांगू नको. मी फोन केला म्हणून कळलं तर ती माग काढत ईल. शपथ घे.”

मी घेतली. माझी स्वतःची घेतली. तो म्हणाला ती नको, तुझ्या आईची घे. म्हण, प्रल्हादचा फोन आला हे माझ्या तोंडातनं कधी निघणार नाही.

पलीकडून आईनं विचारलं, कोणाचा आहे रे. मी तिच्याकडे बघत, तिच्या फुगलेल्या पावलांकडे बघत, शपथ घेतली. पलीकडून पिप पिप सुरू झाली आणि फोन तुटला. आईला मी सांगितलं, राँग नंबर.

*

मी शिकलेला आहे. तेव्हाही होतो, बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. शपथेनं कुणी मरत नाही हे मला माहीत होतं. पण ज्याची आई तीन उशांना टेकून बसलेली आहे त्यानं ते माहीत असून शपथ मोडून बघावी, असं म्हणणाऱ्यानं आधी स्वतःची आई तिथं बसवून बघावी.

आठ दिवस मी शेडकडे गेलो नाही. नवव्या दिवशी मला सुचलं. शपथ माझ्या तोंडाची होती. तौफिकच्या नाही.

*

लिहिलं ते असं:

तुटला धागा सांधू नको
थांबला माग हलवू नको
गेला त्याची वाट बघू नको

तीनच ओळी, पुन्हा पुन्हा. बाकी गाणी मी वर्तमानपत्रात नसलेल्या मराठीत लिहायचो, हे मुद्दाम तिच्या मराठीत लिहिलं.

अभिनंदननं वाचलं आणि वही माझ्याकडे परत सरकवली. म्हणाला, मावशी वाचते हे माहीत असून तू हे लिहितोस. उद्या तो आला तर. तुला कुणी सांगितलं तो येणार नाही म्हणून. मी म्हणालो, कुणी नाही. तो म्हणाला, मग तू कोण नक्की सांगणारा.

तौफिकनं वही स्वतःकडे ओढली. त्याला मावशीनं लहानपणी प्रल्हादबरोबर एका ताटात जेवायला घातलेलं.

“खरं हाय का रं हे?” त्यानं विचारलं.

मी बोललो नाही. मान सुद्धा हलवली नाही; शपथेत मान येते की नाही हे ठरवता आलं नव्हतं. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. तोही मागावरचाच.

“गातो,” तो म्हणाला.

शेडमध्ये हे गाणं वाजवता येणार नव्हतं. एखादी ओळ अर्धवट तिच्या नजरेला पडायला नको होती. तिला ते एकदाच आणि पुरतं कळायला हवं होतं. म्हणून आम्ही ते अभिनंदनच्या गच्चीवर बसवलं, अँपशिवाय, सतरंजीवर मांड्या घालून, भजनी मंडळासारखं. तौफिक हळू आवाजात, प्रत्येक शब्द ओठांनी नीट घडवत म्हणायचा. मी समोर बसून, कानात बोटं घालून, त्याच्या तोंडावर शब्द दिसतात का बघायचो. मला दिसायचे. तिन्ही ओळी स्वच्छ दिसायच्या.

मला शब्द आधीच पाठ होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

*

आमचा एकुलता कार्यक्रम रक्तदान शिबिरात झाला. जूनचा पहिला रविवार, सकाळी अकरा, एका शाळेचं पटांगण. शिबिर भरवणाऱ्या मंडळात अभिनंदनच्या चुलत्याचा शब्द चालायचा आणि त्यांना वाटलं होतं पुतण्या सुगम संगीत करतो. एका बाजूला मांडवात खाटा, खाटांवर रक्त देणारे, दुसऱ्या बाजूला बाकं जोडून केलेलं स्टेज.

मावशीला गल्लीतून बाहेर काढायलाच तौफिकला दोन दिवस लागले. शेवटी शेजारीणबाई तिच्या दारात बसून राहायला तयार झाली, तो आला तर त्याला कुठंही हलू द्यायचं नाही असं कबूल करून. मावशी इरकल नेसून आली. पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध, तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती. कुणीतरी तिला रक्तदाती समजून केळं आणि बिस्किटाचा पुडा दिला. ते मांडीवर ठेवून ती तौफिकच्या तोंडाकडे बघत बसली.

पहिल्या गाण्याला एक रक्तदाता सुई टोचलेली असताना उठून बसला. दुसऱ्याला डॉक्टरीणबाई स्टेजजवळ आल्या आणि म्हणाल्या, पेशंटांचं ब्लडप्रेशर वाढतंय, थोडं भावगीताकडे वळा. अभिनंदनचे चुलते मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. पोरं हसत होती, मागून कुणीतरी ओरडलं, ह्याला लिंबू उतरवा.

मग तिसरं.

कीबोर्डचं बटण दाबलं. टिकटिक टाकटिक. अभिनंदनचा पहिला सूर आला आणि मी कधी नव्हे ते बास बरोबर धरला. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही ते गाणं उभं राहून, पूर्ण आवाजात वाजवत होतो. तौफिक पुढे गेला, स्टेजच्या कडेला, तिच्यापासून दहा पावलांवर. ओळ म्हणायचा आणि ओळीच्या शेवटाला ठोक्यावर मान खाली, वर, खाली, वर. अभिनंदनही. मीही. असं करायचं ठरलं नव्हतं, पण त्या संगीतात अंग थांबतच नाही. आमच्यापैकी कुणालाच त्या सात महिन्यांत इतकं चांगलं वाजवता आलं नव्हतं. तीन ओळी आम्ही अकरा वेळा म्हटल्या. मी तिच्याकडे बघत होतो. चौथ्या वेळेला तिच्या मांडीवरचं केळं खाली पडलं. सहाव्या वेळेला तिनं पदर तोंडाला लावला. शेवटी ती रडत होती, आणि एकटक बघत होती, आणि रडत होती.

चुलत्यांनी वायर उपटली.

ती स्टेजपाशी आली. तौफिक खाली उतरला, तिनं त्याचा घामेजलेला चेहरा दोन्ही हातांत धरला.

“कळलं रं बाळा,” ती म्हणाली. “लई बरं केलंसा. कुणीतरी सांगायलाच पायजे हुतं.”

मी बास खाली ठेवला. तौफिक तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. अभिनंदन माझ्याजवळ येऊन म्हणाला, इद्या, चुकलो मी. मीही त्याला म्हणालो, असू दे.

*

दुसऱ्या दिवशी मी आईला घेऊन मिरजेला गेलो. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. अभिनंदन बंगळूरला शिकायला गेला. जाताना त्याचा फोन आला होता, शेडसमोर मामाचा टेंपो उभा होता म्हणाला. मला एवढं पुरेसं होतं. पुढे मला चाकणला नोकरी लागली. धोटा संपला असं कुणी कुणाला सांगितलं नाही. त्या शेडच्या गल्लीत मी परत गेलो नाही. का गेलो नाही याचं उत्तर मी बायकोला एकदा दिलं होतं, ते खोटं होतं.

*

(इथं एकवीस वर्षं आहेत.)

*

आई गेल्या मार्गशीर्षात गेली. चौऱ्याऐंशीची होऊन, झोपेत. घर विकलं. सामान काढायला मी इचलकरंजीला आलो आणि चहाच्या टपरीवर मला तौफिक भेटला. दाढी पिकलेली, आवाज बसलेला. आता तो परदेशी माग दुरुस्त करतो, त्यांना धोटा नसतो.  मी विचारलं, मावशी कधी गेली, चिकोडीतच का.

“चिकोडी?” तो म्हणाला. “शेडातच हाय की ती.”

त्यानंच कळवलं म्हणून मामाचा टेंपो आला होता, रिकामा परत गेला, असं त्यानं सांगितलं. मामाही मरून बारा वर्षं झाली. तौफिक दर ईदेला तिला शिरखुर्मा द्यायला जातो. त्याला वाटायचं गाणं तिला कळलं, पण घर सोडायला जीव झाला नाही. विचारायचं धाडस त्यानं कधी केलं नाही. “तू इचार,” तो म्हणाला. “लिवलंवतंस तू.”

मी गेलो. शपथ सुटली होती; जिची होती तीच राहिली नव्हती. गल्लीच्या तोंडाशीच मला खटक-खटक ऐकू यायला लागलं. शेडचं अर्धं छप्पर ताडपत्रीचं. आत तो चौथा माग चालू होता.

मावशी मागासमोर उभी होती. पंचाहत्तरीची, वाकलेली, केसांचं पांढरं बोंड. तिनं मला बघून माग थांबवला. डोळे अजून शाबूत. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, इद्या. आता कान पूर्ण गेले होते. तिनं मला बाकावर बसवलं, स्वतः समोर बसली, माझ्या ओठांवर नजर लावून. आई गेल्याचं मी सांगितलं. मग विचारलं, हा माग कधी चालू केलास.

“तुम्हीच सांगितलं न्हवं,” ती म्हणाली. “शिबिरात. दुसऱ्या दिवशी तौफिकच्या कारखान्यातला दुसरा जॉबर बोलवला आणि करून घेतला.”

मी म्हणालो, आम्ही काय सांगितलं.

तिनं तिन्ही ओळी म्हणून दाखवल्या. बोटं मोडत, पाढ्यासारख्या.

तुटला धागा सांध
थांबला माग हलव
गेला त्याची वाट बघ

“शेवटी ‘नको’ होतं, मावशी,” मी म्हणालो. “तिन्ही ओळींत.”

ती हसली. मला दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. मी ओठ ताणून म्हटलं, नको. तिनं मान हलवली, तसं नव्हे म्हणून, आणि लहान मुलाला शिकवावं तसं समजावलं. मागावर ‘नको’ तोंडानं कुणी म्हणत नाही. ‘न’ दातांमागं राहतो, ‘क’ घशात, आणि शेवटचा ओठांचा चंबू म्हणजे गाण्याचा नुसता हेल; ओठांवर काय उमटायचं? ‘नको’ म्हणायचं असलं की हात करतात. तिनं पंजा उभा धरून हवेत आडवा फिरवला, काचेवरची धूळ पुसल्यासारखा. हे मागावरच्या पोराटोरांना ठाऊक असतं.

“आणि तुम्ही तर हात न्हाई केलासा,” ती म्हणाली. “उलट तिघंबी माना हलवत हुतासा. हो, हो, हो. केस पार तोंडावर येस्तोवर. एवढ्या जोरात मला कुणीच हो म्हणालं न्हवतं, इद्या.”

तौफिकला हे कळायला हवं होतं. पण तो गात होता.

*

मग मी सगळं सांगितलं. फोन, दुपारचे तीन, गाड्यांचा आवाज. त्याचं नाव तिथं कुणाला माहीत नाही आणि त्याला ते बरं वाटतं. परत येणार नाही म्हणाला, आत्ता नाही असं नव्हे, कधीच नाही. हे सांगताना मी पंजा फिरवला, तिनं शिकवला तसा. “तो म्हणाला, तिला म्हणावं वाट बघू,” आणि पुन्हा पंजा. चूक होऊ नये म्हणून तीनदा.

तिला कळलं. मी तिचा चेहरा बघत होतो. तिला या वेळी कळलं यात शंका नाही.  तिनं मागावरचं कापड हातानं चाचपलं, त्यातली एक गाठ नखानं काढली.

“कधी केलता फोन?” तिनं विचारलं.

एप्रिलात, मी म्हणालो.

“म्हंजी गेल्यावर दोन महिन्यांनी.”

हो.

“तुझा नंबर त्याच्याकडं लिवलेला हुता?”

मी आठवून बघितलं. प्रल्हाद गेला तेव्हा अंगावरचे कपडे आणि ते फाटलेलं कातडं सोडलं तर त्याच्याकडे काही नव्हतं, खिशातली डायरी सुद्धा शेडमध्येच सापडली होती. मी म्हणालो, नाही. पाठ असणार.

“पाठ,” ती म्हणाली.

तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला लिहिता येत नाही. शिबिरात झालं होतं तेच झालं, एवढं लिहितो. तिनं माझा हात धरला आणि मला समजावायला लागली, अगदी हळू, जसं काही वाईट बातमी मला मिळाली होती. म्हणाली, तरणं पोर आहे, रागात बोलतं. ज्याला यायचं नसतं तो नंबर पाठ ठेवत नाही. दोन महिने परमुलखात राहून त्याला एक नंबर आठवला, तो ह्याच गावचा. एकवीस वर्षं तिच्याकडे फक्त गाणं होतं. आता त्याचा स्वतःचा शब्द आला, कसला का असेना.

“तू लई आदी सांगायला पायजे हुतंस,” ती म्हणाली. “मी उगं कदी कदी डगमगत हुते.”

मी पुन्हा पंजा उचलला. तो तिनं हळूच धरून माझ्या मांडीवर ठेवला.

“त्यो नंबर हाय न्हवं अजून तुझ्या घरचा?”

तो फोन मी २०११ साली बंद केला होता. घराच्या किल्ल्या सोमवारी नव्या मालकाला द्यायच्या होत्या. तो घर पाडून तिथं दुकानगाळे बांधणार होता, खांबांच्या खुणाही झाल्या होत्या.

“हाय,” मी म्हणालो. आणि तिला दिसावं म्हणून मान हलवली, खाली, वर, खाली, वर.

“मग त्यो बंद करू,” ती म्हणाली, आणि उरलेला शब्द तिनं हातानं केला.